फुली मारलेल्या जागी

वर्षाचे हिशेब बंद करायचे दिवस आले की त्या गावातले धंदेवाले एकच काम करत. वर्षभर खिशात, ड्रॉवरमध्ये, गाडीच्या सीटखाली कोंबलेले कागद एका प्लॅस्टिकच्या पिशवीत भरायचे, पिशवीला गाठ मारायची आणि ती भाऊंच्या टेबलावर नेऊन ठेवायची. भाऊ पिशवी उघडूनही बघत नसत. ते कपाटातून फॉर्मचा गठ्ठा काढत. प्रत्येक पानावर लाल पेनाने एक बारीक फुली मारलेली असे.

"फुली दिसेल तिथं सही करा शेठ, बाकीचं माझ्यावर सोडा," ते म्हणत.

आणि सगळे सोडत. किराणावाला सोडे, औषधवाला सोडे, शाळेला गणवेश पुरवणाऱ्या बाई सोडत. आपण तरी काय वेगळं करतो? घर भाड्याने घेताना, बँकेत खातं उघडताना, दवाखान्यात भरती होताना समोरचा माणूस बोट ठेवतो आणि आपण सही ठोकतो. वाचत बसलं तर समोरच्यावर अविश्वास दाखवल्यासारखं होतं, अशी आपल्याला उगाचच भीड वाटते. मागे रांग असते, घाई असते. आपल्या सहीला आपणच इतकं स्वस्त करून ठेवलं आहे!

भाऊंचं नाव सगळ्या गावात होतं. माणूस मोठा गोड. कुणाचं लग्न असो की मयत, भाऊ हजर. टेबलावर मोठा शिक्का होता, शिक्क्यावर सनदी लेखापाल असं लिहिलेलं होतं आणि खाली परवान्याचा सहा आकडी क्रमांक होता. तो क्रमांक कुणाचा, हा प्रश्न गावात कुणाला कधी पडला नाही.

दारं-खिडक्या बनवणाऱ्या कारखान्याचा मालकही गेली अकरा वर्षं भाऊंकडेच पिशवी नेत होता. कारखाना म्हणजे पत्र्याची एक मोठी शेड, आत एक करवत मशीन, एक रंधा मशीन, चार लांब टेबलं आणि गुडघ्याएवढा भुसा. काम करणारी माणसं सात. कामगार विम्याच्या कागदांवर मात्र चारच. तीन माणसांचा हप्ता वाचतो, हे भाऊंनी पहिल्याच वर्षी हसत हसत सांगितलं होतं. मालकानेही हसत मान डोलावली होती आणि फुलीवर सही केली होती.

मग हजेरी कुठे ठेवायची? सात माणसांची वही ठेवली तर ती कधीतरी कुणाच्या हाताला लागायची. म्हणून त्या शेडमध्ये एक वेगळीच पद्धत पडली होती. हजेरी मागच्या दाराच्या आतल्या बाजूवर लिहीत. सातही जणांच्या नावांची पहिली अक्षरं वर, खाली तारखा, आणि रोज ज्याने त्याने आपापल्या रकान्यात पेन्सिलीने रेघ ओढायची. शनिवारी मालक रेघा मोजून पगार देई. वर्ष संपलं की दारावर रंधा मारायचा. पाच मिनिटांत दार कोरं, नवं वर्ष सुरू! सुतारकाम करणाऱ्यांना यात काही वावगं वाटलं नाही. उलट नव्याने आलेल्या प्रत्येकाला ही युक्ती मोठ्या कौतुकाने दाखवली जाई.

रंधा मशीनवर जो काम करायचा त्याला सगळे मास्तर म्हणत. प्रत्येक फळी तो दोनदा मोजायचा आणि जो एकदाच मोजेल त्याला शाळेतल्यासारखा झापायचा. नऊ वर्षं तो त्या मशीनवर होता. शांत, नेमका, आठच्या ठोक्याला दारात. त्याने बसवलेला दरवाजा कधी कुरकुरला नाही, असं मालक गिऱ्हाइकांना छातीठोकपणे सांगे. आणि कागदावर नसलेल्या तिघांत हा मास्तर होता.

एका मंगळवारी दुपारी जेवण उरकून कामाला सुरुवात झाली आणि पहिल्याच फळीत आत दडलेली गाठ निघाली. पात्यावर गाठ आली तशी फळी उसळली. वरून दाबून धरलेला मास्तरचा उजवा हात निसटला आणि सरळ पात्यात गेला. मशीन बंद करायला पॉलिश करणारा धावला, पण तेवढ्या दोन क्षणांत व्हायचं ते झालं होतं. चार बोटं गेली. अंगठा तेवढा राहिला.

मालकानेच त्याला उचलून गाडीत घातलं. दवाखान्यात तो दोन तास उभा होता, आणि त्याचे डोळे खरोखरच भरून आले होते. हे सांगायला हवं, कारण मालक काही दुष्ट माणूस नव्हता. अशा गोष्टी दुष्ट माणसंच करतात असं मानून आपण निवांत राहतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो भाऊंकडे गेला.

"भाऊ, आता काय करायचं? विम्याच्या यादीत तो नाही."

"नाही तर नाही," भाऊ म्हणाले. "घाबरू नका शेठ. अपघाताची माहिती देणारा एक फॉर्म असतो. मी भरतो. तुम्ही फुलीवर सही करा."

"त्याला काही मिळेल ना?"

"बघू या ना. आधी तुम्ही तर सुटा!" भाऊंनी शिक्का उमटवला आणि आवाज खाली आणला. "आणि ते दारावरचं… ते तेवढं आजच साफ करून टाका. चौकशीला कुणी आलं तर उगाच डोकेदुखी."

मालकाने सही केली. वाचलं नाही. दुपारी कारखान्यात जाऊन हातरंधा घेतला आणि स्वतःच्या हाताने दार तासलं. वर्ष संपायला अजून पाच महिने होते. पॉलिश करणारा आणि बाकीचे पाच जण आपापल्या टेबलापाशी उभे राहून बघत होते. मास्तरच्या सात महिन्यांच्या रेघा पातळ सालींसारख्या गुंडाळत खाली पडल्या आणि केर काढताना भुशात गेल्या.

तीन आठवड्यांनी मास्तरची बायको कारखान्यात आली. हातात विमा कंपनीचं पत्र होतं. ती शिवणकाम करायची. बोलायला फटकळ, पण त्या दिवशी तिचा आवाज अगदी सपाट होता.

"मालक, हे वाचा."

"काय म्हणतात?"

"तुम्हीच वाचा. मोठ्याने वाचा, सगळ्यांना ऐकू दे."

मालकाने वाचायला सुरुवात केली. जखमी व्यक्ती कारखान्यात नोकरीस नव्हती. ती ग्राहक म्हणून फळ्या खरेदी करण्यास आली असता, मनाई असूनही मशीनजवळ गेली आणि स्वतःच्या निष्काळजीपणाने तिला इजा झाली. सबब कोणतीही भरपाई देय नाही. खाली लिहिलं होतं, मालकाच्या सहीच्या निवेदनावरून.

त्याने पत्राची घडी घातली.

"गिऱ्हाईक?" ती म्हणाली. "नऊ वर्षं रोज सकाळी आठला येणारं गिऱ्हाईक? कुठल्या फळ्या विकत घेतल्या हो आमच्या माणसाने? एक तरी दाखवा!"

"वहिनी, कागदात काहीतरी चूक झालीय. मी बघतो."

"सही तुमचीच आहे ना?"

"सही माझीच आहे. पण मी हे लिहिलं नाही."

"मग लिहिणाऱ्याला तुमची सही कशी काय मिळाली?" असं विचारून ती निघून गेली. उत्तराला थांबली नाही.

त्या बाईने मात्र हातपाय गाळले नाहीत. तिने विमा कंपनीला आणि कामगार कार्यालयाला उलट पत्र लिहिलं. दहा दिवसांनी विमा कंपनीची तपासनीस कारखान्यात आली. तरुण मुलगी, खांद्याला बॅग, पायांत साधे बूट. तिने मशीन पाहिलं, फोटो घेतले आणि मग मालकाच्या समोर बसून एकच प्रश्न विचारला.

"या कागदांवर शिक्का मारणारे लेखापाल तुम्हाला शेवटचे कधी भेटले?"

"मागच्याच महिन्यात. का?"

"या क्रमांकाचे परवानाधारक नऊ वर्षांपूर्वी वारले. परवान्यांच्या सरकारी नोंदवहीत तशी नोंद आहे."

मालकाला वाटलं, ही थट्टा करतेय. पण ती हसत नव्हती. झालं होतं असं, की भाऊ एकेकाळी एका वृद्ध सनदी लेखापालांकडे कारकून होते. शेवटी शेवटी त्या वृद्धांची नजर गेली होती. शिक्का सगळा भाऊंच्याच ताब्यात असे. ते गेले. शिक्का राहिला. भाऊंनी पाटीवरची धूळ पुसली आणि काम चालू ठेवलं. गेल्या नऊ वर्षांत गावातल्या निम्म्या धंद्यांचे हिशेब एका मेलेल्या माणसाने तपासून बरोबर ठरवले होते!

"तुम्ही कधी परवाना बघितला नव्हता?" मुलीने विचारलं.

"अहो, भाऊंना काय परवाना विचारायचा? सगळं गाव जायचं त्यांच्याकडे."

"सगळं गाव जात होतं म्हणून कुणीच विचारलं नाही," ती वहीत लिहीत म्हणाली. जाताना तिने कामगार कार्यालयाचं पत्र दिलं. कारखान्यात कोण कोण काम करत होतं, कधीपासून, किती पगारावर, याचं विवरण परवानाधारक लेखापालाने तपासून सही केलेलं हवं. त्याशिवाय कामगार कार्यालय मास्तरची भरपाई ठरवू शकणार नव्हतं. मुदत तीस दिवस. मुदत संपली की दावा बंद, मग मास्तर कायमचा गिऱ्हाईकच.

मालक तडक भाऊंच्या कचेरीत गेला. दाराला कुलूप. खिडकीच्या काचेतून आत पाहिलं तर भिंतीला टेकून प्लॅस्टिकच्या पिशव्यांचा ढीग रचलेला. पांढऱ्या, निळ्या, काळ्या. प्रत्येक पिशवीची गाठ मारली होती तशीच होती. त्याची स्वतःची पिवळी पिशवीही त्यात दिसली. दोन वर्षांपूर्वीची.

त्याक्षणी त्याला मास्तर आठवला असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. पण त्याला आधी स्वतःचीच काळजी वाटली.

मग सुरू झाला शोध. गावात स्वतःला अकाउंटंट म्हणवणारे पाच जण होते. पहिल्याकडे एक कॉम्प्युटर होता आणि तो आकडे टाइप करून द्यायचा. दुसरा म्हणाला, परीक्षा दिली होती, शेवटचा पेपर तेवढा राहिला. किती वर्षांपूर्वी? सोळा. तिसऱ्याला परवाना दाखवा म्हटल्यावर त्याने भिंतीवरची चौकट अभिमानाने दाखवली. तो दुकान उघडायचा परवाना निघाला. चौथा भाऊंचाच भाचा होता. पाचव्याने तर विचारलं, "शिक्का कसला हवाय? चौकोनी की गोल?"

पंधरा-सोळा दिवस गेले. शेवटी मालकाने तपासनीस मुलीलाच फोन केला. तिने नोंदवही बघून सांगितलं, तुमच्या गावात परवाना असलेली एकच व्यक्ती आहे. पत्ता झेरॉक्सच्या दुकानाचा, पहिला मजला.

त्या दुकानात मालक शंभरदा गेला असेल. शेजारचा अरुंद जिना त्याला माहीत होता, वर कोण बसतं तेही माहीत होतं. साठीची एक बाई. गावाने तिचं नाव प्रश्नपत्रिका ठेवलं होतं, कारण तिच्याकडे गेलं की आधी वीस प्रश्न. हे बिल कुठलं? हा माणूस कोण? याची पावती कुठाय? लोक एकदा जात, वैतागून उतरत आणि भाऊंकडे वळत. मालकही अकरा वर्षांपूर्वी एकदाच गेला होता. कारखान्यात येऊन माणसं मोजेन म्हणाली होती. "मी काय मेंढ्या पाळल्यात?" असं म्हणून त्याने पिशवी उचलली होती आणि तो खाली आला होता.

आता तो तोच जिना चढला. खोली लहान, कपाटं दोन, फायलींवर वर्षं लिहिलेली. भिंतीवर परवाना, त्यावर फोटो आणि चालू वर्षाची नूतनीकरणाची चिठ्ठी.

"बसा," बाई म्हणाल्या. "मेंढ्या कशा आहेत?"

मालकाची मान खाली गेली. मग त्याने सगळी कहाणी सांगितली. म्हणजे त्याला सोयीची तेवढी. भाऊंनी फसवलं. भाऊंनी नावं गाळली. भाऊंनी फॉर्ममध्ये खोटं लिहिलं. आपण बिचारे, कारागीर माणूस, कागदातलं काय कळतं?

बाईंनी मधे एकही प्रश्न विचारला नाही. फक्त शेवटी म्हणाल्या, "उद्या सकाळी आठला कारखान्यात येते."

त्या आल्या. भिंतीवर सात खुंट्या होत्या, सहांवर कामाचे कपडे, एक रिकामी. पाण्याचे सात पेले. बाईंनी प्रत्येकाला बाजूला घेऊन विचारलं, तू कधीपासून, पगार किती, कसा मिळतो. लिहून घेतलं. मग त्या मागच्या दारापाशी थांबल्या.

"हे दार एवढं गोरं कसं?"

जुनाट, काळपट दार; मधला भाग तेवढा नुकताच सोलल्यासारखा. पॉलिश करणारा खाली बघत म्हणाला, "मॅडम, त्यावर आमची हजेरी असते."

"असते म्हणजे? कुठाय?"

बाई मालकाकडे वळल्या. "कधी तासलंत?"

"अपघात झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी. भाऊंनी सांगितलं होतं."

"रंधा भाऊंनी धरला होता?"

"नाही."

"अकरा वर्षांपूर्वी माणसं मोजू नका असं मला कुणी सांगितलं? भाऊंनी?"

"मॅडम, झालं ते झालं. तुम्ही एवढंच लिहा की माणसं सात होती आणि भाऊंनी चूक केली. भाऊ तसेही पळालेत. त्यांच्या माथी मारलं तर बिघडलं कुठे? मास्तरलाही मिळेल, मीही सुटेन. तुमचे जे होतील ते दुप्पट देतो."

बाई भुशाने माखलेल्या स्टुलावर बसल्या. रागावल्या नाहीत, आवाजही चढवला नाही.

"ऐका. तुम्ही गावभर परवाना शोधत फिरलात. परवाना म्हणजे काय, सांगा बघू? भिंतीवरचं चित्र? अहो, माझी सही खोटी निघाली तर उद्या माझा परवाना जातो. चाळीस वर्षांचं काम जातं. मला गमावण्यासारखं काहीतरी आहे, एवढ्यासाठी लोक माझी सही मानतात. भाऊंकडे गमावण्यासारखं काहीच नव्हतं, म्हणून ते कशावरही शिक्का मारत होते. आणि तुम्हाला तेच आवडत होतं. प्रश्न न विचारणारा माणूस तुम्हाला भला वाटला!"

"चुकलं मॅडम."

"चुकलं नाही. ठरवून केलंत. चूक माझी झाली. भाऊंकडे सनद नाही, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ज्यांच्या नावाचा तो शिक्का, त्यांच्या अंत्यविधीला मी गेले होते. एक तक्रार केली असती तर सगळं तिथेच थांबलं असतं. पण लोक म्हणतील, धंदा चालत नाही म्हणून जळते. म्हणून मी तोंड मिटून वर बसून राहिले. त्या माणसाच्या कागदावरच्या खोट्यात माझाही वाटा आहे."

शेडमध्ये मशीन बंद होतं. सगळे ऐकत होते.

"मी जे पाहीन आणि जे सिद्ध होईल तेच लिहिणार. या सहा जणांनी सांगितलेलं लिहीन. पण पगार तुम्ही रोख दिलेत, पावती नाही, वही नाही. दाराचा पुरावा तुम्ही तासून टाकलात. आता पुरावा एकच उरलाय, तो म्हणजे तुमचं तोंड. तुम्ही सहीनिशी सांगा, नऊ वर्षं तो इथे होता, मी त्याला जाणूनबुजून लपवला. तर माझं विवरण उभं राहील."

"असं लिहून दिलं तर माझा कारखाना जाईल."

"जाईल कदाचित," बाई म्हणाल्या. "मी खोटा धीर देणार नाही."

मालक घरी गेला. बायकोला सांगितलं. तिने सगळं ऐकलं आणि भाजी चिरता चिरता विचारलं, "मास्तरला हे माहीत आहे?"

"काय?"

"की तुम्ही मुद्दाम नाव घातलं नव्हतं."

त्याने नकारार्थी मान हलवली.

"मग आधी त्याला सांगा. तो मोठा की विमा कंपनी मोठी?"

मुदतीचे बारा दिवस उरले होते. त्या संध्याकाळी मालक मास्तरच्या घरी गेला. दोन खोल्या, एका कोपऱ्यात शिलाई मशीन. मास्तर खुर्चीवर बसला होता, हात मांडीवर, पट्टी अजून सुटली नव्हती. मालक दिसताच तो उठायला लागला. नऊ वर्षांची सवय.

"बस रे, बस."

बायकोने पाणी दिलं नाही. दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

"मालक," मास्तरच म्हणाला, "ही तुमच्यावर रागावलीय. मी तिला सांगतोय, मालक असं लिहिणार नाहीत. भाऊंनी गोंधळ घातला असणार. तुम्हाला कुठे माहीत होतं!"

मालकाला पळून जावंसं वाटलं. समोर सुटकेचा दरवाजा उघडा होता, आणि तो उघडून धरणारा माणूस हा होता. नुसतं हो म्हणायचं, बस.

"मला माहीत होतं," तो म्हणाला.

"काय?"

"तुझं नाव विम्यात नव्हतं. पहिल्या दिवसापासून. हप्ता वाचावा म्हणून. फॉर्म मी वाचला नाही, पण नाव नव्हतं ते मला माहीत होतं. दारही मीच तासलं."

मास्तर अगदी हळू म्हणाला, "माझ्या रेघा पण?"

"हो."

"मला वाटायचं, दार तासलं तरी भाऊंच्या वहीत मी कुठेतरी असेन. शनिवारी तुम्ही मोजायचात ना, तेव्हा मला बरं वाटायचं. म्हटलं, मालक मोजतायत म्हणजे आपण आहोत."

त्याची बायको तोंड फिरवून आत गेली. मालक रडला. मास्तर रडला नाही. त्याने सांत्वनही केलं नाही, आणि का करावं? "जा आता मालक," एवढंच तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालक जिना चढला आणि बाईंच्या समोर बसून त्याने चार पानी जबाब स्वतःच्या अक्षरात लिहिला. भाऊंचं नाव त्यात जिथे खरं होतं तिथेच आलं. बाईंनी प्रत्येक पान वाचलं, सोळा प्रश्न विचारले, दोन वाक्यं खोडायला लावली कारण त्यांत तो स्वतःची कीव करत होता. मग स्वतःचं विवरण जोडलं आणि खाली सही केली. त्याच टपालात त्यांनी आणखी एक पाकीट टाकलं. भाऊंविरुद्धची तक्रार, नऊ वर्षं उशिरा.

पुढे काय झालं ते सुखाचं नाही. विमा कंपनीने हात वर केले. ज्याचा हप्ता भरला नाही त्याला ती का देईल? कामगार कार्यालयाने निकाल दिला की भरपाई मालकाने स्वतः द्यायची, वर दंडही. दोन्ही मशिनं विकली गेली. शेड भाड्याने दिली गेली. पाच कारागीर दुसरीकडे गेले, एकाला अजून काम नाही. मालक आता दुसऱ्याच्या कारखान्यात पगारावर दारं बसवतो. गावातले धंदेवाले त्याला टाळतात, कारण त्याच्या जबाबानंतर चौकशी सगळ्यांच्याच दारात आली. भाऊंचा अजून पत्ता नाही. एखाद्या दुसऱ्या गावात त्यांचं टेबल मांडलेलं असेल आणि तिथले लोक म्हणत असतील, माणूस मोठा गोड!

भरपाई मिळायची तो दिवस आला तेव्हा मालक कामगार कार्यालयात हजर होता. मास्तर आणि त्याची बायको बाकावर बसले होते. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. नाव पुकारलं गेलं. कारकुनाने कागद पुढे सरकवला, मास्तरच्या उजव्या हाताकडे नजर टाकली आणि चांगुलपणाने शाईचा डबा उघडला.

"अंगठा चालेल," तो म्हणाला. "इथे, फुलीपाशी."

"नाही," मास्तर म्हणाला. "मी सही करतो. आधी वाचतो."

"अहो, मागे रांग आहे."

"असू दे."

त्याने कागद डाव्या हाताने उचलला. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. मग पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचला. रांगेतले लोक चुळबुळ करू लागले, कारकुनाने दोनदा घड्याळ पाहिलं, कुणीतरी मागून ओरडलंसुद्धा. मास्तरने पेन डाव्या हातात धरलं आणि एकेक अक्षर ओढत, वाकडंतिकडं, स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं. पूर्ण मिनिट लागलं. त्याची बायको त्याच्या खांद्यामागे उभी राहून ते बघत होती. मालक भिंतीपाशी उभा होता. अकरा वर्षांत आपण किती फुल्यांवर सह्या केल्या ते त्याला आठवेना, पण त्यातला एकही कागद आपण वाचला नव्हता, एवढं पक्कं आठवत होतं.

नागरिकहो, गावात परवाना असलेला माणूस मिळत नाही अशी तक्रार आपण सगळेच करतो. तो बहुतेक असतो. तो प्रश्न विचारतो म्हणून आपणच त्याला जिन्यावर एकटा बसवून ठेवलेला असतो. आपली सही ज्याच्या हातात द्याल त्याचा परवाना मागा, त्यावरचा क्रमांक कुणाचा आहे ते नोंदवहीत बघा, आणि तुमच्या नावावर काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय पेन टेकवू नका. यात कुणाचा अपमान होत नाही. झाला तरी सोसेल. आणि हे करायला कुणाची चार बोटं जायची वाट पाहू नका.